पामतेलाचा पर्याय आणि साखरेचा हिशेब

२०२२ हे वर्ष पामतेलाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखं होतं. युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफुलाचं तेल आधीच महागलेलं, त्यात एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. बंदी साडेतीन आठवडेच टिकली, पण तेवढ्या काळात आपल्या स्वयंपाकघराचा दोर कुठे बांधलेला आहे ते स्पष्ट दिसलं. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने दिवाळीसाठी 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, आणि सोबत एक लिटर तेल. ते तेल होतं पामतेल. आणि वर्ष सरता सरता न्यूयॉर्कच्या सी-१६ बायोसायन्सेस या छोट्या कंपनीने 'पामलेस' नावाखाली एक तेल बाजारात आणलं. ते कोणत्याही झाडापासून काढलेलं नव्हतं, यीस्टच्या पेशींनी बनवलेलं होतं.

या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक आणि तिची सूत्रं हाती घेतलेल्या उद्योजिका म्हणजे शारा टिक्कू. त्यांचं शिक्षण हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधलं, आधीची नोकरी गोल्डमन सॅक्समधली. शेती किंवा तेलगिरणीशी त्यांचा संबंध नव्हता. २०१३ मध्ये त्या सिंगापूरला गेल्या तेव्हा शहर धुराने भरलेलं होतं आणि रस्त्यावर माणसं मास्क लावून हिंडत होती. त्या जूनमध्ये सिंगापूरचा प्रदूषण निर्देशांक ४०१ पर्यंत चढला होता, तोवरचा तो उच्चांक. समुद्रापलीकडे इंडोनेशियात जमीन मोकळी करण्यासाठी लावलेल्या आगींचा हा धूर होता आणि त्या साफसफाईमागच्या कारणांत तेलताडाची, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडाची, लागवड ठळक होती. काही वर्षांनी बोस्टनजवळच्या एमआयटीमध्ये एका अभ्यासवर्गात टिक्कू यांची गाठ डेव्हिड हेलर आणि हॅरी मॅकनमारा यांच्याशी पडली. तेलताडाशिवाय पामतेल करता येईल का, हा प्रश्न तिघांनी हाती घेतला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. पामतेलातलं मुख्य मेदाम्ल म्हणजे पामिटिक आम्ल. त्यात कार्बनचे १६ अणू असतात. कंपनीचं नाव तिथून आलं. २०२० मध्ये बिल गेट्स यांनी स्थापन केलेल्या ब्रेकथ्रू एनर्जी व्हेंचर्सच्या पुढाकाराने तिला दोन कोटी डॉलरचं भांडवल मिळालं.

हे तेल इतकं सगळीकडे का असतं, ते आधी पाहू. पामतेलातलं सुमारे ४४ टक्के मेद पामिटिक आम्लाचं आणि ४० टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्लाचं असतं. पहिलं घट्ट, दुसरं पातळ. त्यामुळे हे तेल नेहमीच्या तापमानाला धड तेलही नसतं आणि धड तूपही नसतं. थंड करून गाळलं की पातळ भाग वेगळा होतो, तो पामोलिन. फरसाणाच्या, वेफर्सच्या पाकिटामागे जे नाव वाचायला मिळतं ते हेच. मागे राहणारा घट्ट भाग बिस्किटांच्या क्रीममध्ये आणि बेकरीच्या मार्जरिनमध्ये जातो. फळाच्या गरातून हे तेल निघतं, तर आतल्या बीमधून वेगळं, खोबरेल तेलाच्या जवळचं तेल निघतं. ते साबण, शाम्पू आणि टूथपेस्टकडे वळतं. साबणातलं सोडियम पामेट, शाम्पूला फेस आणणारं सोडियम लॉरेथ सल्फेट, क्रीममधलं ग्लिसरील स्टीअरेट किंवा सिटाइल अल्कोहोल, ही नावं वाचताना झाड डोळ्यांसमोर येत नाही, पण यातल्या बऱ्याच मालाचं मूळ तेलताडाच्या बागेत असू शकतं.

आणखी एक कारण क्वचित सांगितलं जातं. वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदाने हृदयविकाराचा धोका वाढतो हे सिद्ध झाल्यावर देशोदेशी त्यावर बंधनं आली. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आली. हा मेद टाळण्यासाठी द्रव तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं नसेल, तर मुळातच घट्टपणा असलेलं तेल हवं. ते स्वस्तात मिळतं पामचं. म्हणजे आरोग्यासाठी घेतलेल्या एका योग्य निर्णयाने वर्षावनांवरचा भार वाढवला.

तेलताड हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. तिथे त्याचं लालसर तेल पिढ्यान् पिढ्या जेवणात आहे. १८४८ मध्ये डचांनी जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात चार रोपं लावली. आग्नेय आशियातला विस्तार त्यानंतरचा. मलेशियात व्यापारी बाग १९१७ मध्ये उभी राहिली. पण फळधारणा नीट होत नसे, मजुरांना हाताने परागीकरण करावं लागे. रहमान सय्यद या कीटकशास्त्रज्ञाने शोधून काढलं की आफ्रिकेत हे काम एक छोटा सोंडकिडा करतो. १९८१ मध्ये तो कॅमेरूनहून आणून मलेशियाच्या बागांत सोडला गेला आणि हाताने परागीकरण करण्याची गरज संपली. पामतेलाच्या इतिहासात मोठमोठ्या कंपन्यांची नावं येतात, पण हा व्यवसाय आजच्या आकाराला पोचण्यात त्या किड्याचा वाटा मला फार मोठा वाटतो. आज जगात वर्षाला साडेसात-आठ कोटी टन पामतेल निघतं, त्यातलं ८० टक्क्यांहून अधिक इंडोनेशिया आणि मलेशियातून. सर्वांत मोठा आयातदार आहे भारत.

या बागांसाठी जे गेलं ते परत येणारं नाही. सुमात्रा आणि बोर्निओच्या दलदली जंगलांखाली अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा, पीटचा, काही मीटर जाडीचा थर असतो. तो साचायला हजारो वर्षं लागलेली असतात. लागवडीसाठी चर खणून पाणी काढून टाकलं की पीट वाळतो, आणि एकदा पेटला की जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतो. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. जागतिक बँकेने त्या एका हंगामाचं नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१८ च्या अहवालात तेलताडामुळे संकटात आलेल्या १९३ प्रजातींची नोंद आहे. ओरांगउटान हा त्यातला ओळखीचा चेहरा, बाकीच्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

मग पामतेल टाकून दुसरं तेल वापरावं, असं मनात येणं साहजिक आहे. त्याच अहवालाने या सरळ वाटेबद्दल सावध केलं आहे. तेलताड हेक्टरी साधारण साडेतीन टन तेल देतो. मोहरीवर्गातल्या रेपसीडमधून आणि सूर्यफुलातून पाऊण टनाच्या आसपास मिळतं, सोयाबीनमधून अर्धा टन. सगळं जग उद्या सोयाबीनकडे वळलं तर कितीतरी पट जमीन लागेल आणि ब्राझीलच्या गवताळ रानांवर आणि जंगलांवर नांगर फिरेल. शिवाय इंडोनेशियातलं सुमारे ४० टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. दोन-चार हेक्टरवाल्या त्या कुटुंबांचं काय, याचं उत्तर बहिष्काराची हाक देणाऱ्यांनी द्यायला हवं. झाडाचा दोष नाही, झाड फार गुणी आहे. दोष आहे तो, नेमकी वर्षावनं जिथे वाढतात त्याच विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात ते सर्वांत चांगलं येतं, या योगायोगाचा आणि त्याला आवर न घालणाऱ्या बाजाराचा. म्हणून टिक्कू यांच्या प्रयत्नाकडे मी गंभीरपणे पाहतो. त्या एका पिकाऐवजी दुसरं पीक सुचवत नाहीत, शेतच बदलू पाहतात.

यीस्ट आपल्या ओळखीचं आहे. पाव फुगवणारं, मळीपासून अल्कोहोल करणारं. तेल करणारं यीस्ट मात्र वेगळ्या घराण्यातलं. ऱ्होडोटोरुला टोरुलॉइडिस, यारोविया लिपोलिटिका, लिपोमायसिस स्टार्कीआय अशा काही जाती कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त, काही वेळा निम्म्याहून जास्त मेद साठवतात. युक्ती खुराकात आहे. आधी साखर आणि नायट्रोजन दोन्ही भरपूर द्यायचं, म्हणजे पेशी भराभर वाढतात. मग नायट्रोजन संपू द्यायचा आणि साखर चालू ठेवायची. नायट्रोजनशिवाय नवी प्रथिनं होत नाहीत, पेशीला विभागता येत नाही. पण साखर येतच राहते. तेव्हा कोकणातलं घर पावसाळ्याआधी जशी बेगमी करतं, तशी पेशी येईल त्या कार्बनची बेगमी करू लागते. आतल्या रसायनात सायट्रेट साचतं, ते फुटून ॲसिटाइल-कोए तयार होतं आणि त्याच्या दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांपासून मेदाम्लाची साखळी विणली जाते. १६ आणि १८ कार्बनवर ती थांबते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीचा बराचसा भाग तेलाच्या थेंबाने व्यापलेला दिसतो.

मग पेशी फोडायच्या, तेल वेगळं काढायचं, शुद्ध करायचं. सी-१६ ने टोरुला तेल म्हणून जे विकायला सुरुवात केली त्याचा रंग नारिंगी-लाल आहे. तो यीस्टमधल्या कॅरोटीनवर्गीय रंगद्रव्यांचा. कच्चं पामतेलही अशाच द्रव्यांमुळे लाल असतं. घटकांचं प्रमाण दोन्हींत अगदी एकसारखं नसतं, पण पामिटिक आणि ओलेइक ही दोन मुख्य आम्लं दोन्हीकडे असल्यामुळे उपयोग जुळतात. कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीला चरबी मिळेना, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मजीवांकडून मेद काढण्याचे प्रयोग केले होते. युद्ध संपलं, स्वस्त तेल पुन्हा येऊ लागलं आणि हे काम मागे पडलं.

स्वस्त तेल हीच आजचीही अडचण आहे. ती महाराष्ट्राच्या वाचकाला चटकन समजेल, कारण तिचा हिशेब साखरेत मांडावा लागतो.

ग्लुकोजपासून मेद करताना रसायनशास्त्राने घातलेली एक मर्यादा आहे. सगळी साखर तेलात गेली, पेशीने स्वतःसाठी काहीच ठेवलं नाही असं मानलं, तरी एक किलो तेलाला तीन किलो साखर लागते. प्रत्यक्षात हे प्रमाण पाच किलोच्या आसपास जातं. जागतिक बाजारात गेल्या काही वर्षांत कच्च्या साखरेचा भाव टनाला साधारण ३५० ते ६०० डॉलर आणि पामतेलाचा बहुतेक वेळा ८०० ते १२०० डॉलर राहिला आहे. पाच टन साखरेचे, अगदी खालचा भाव धरला तरी, १७५० डॉलर होतात. एक टन तेलाला लागणारी नुसती साखरच आयत्या पामतेलाहून महाग पडते. यीस्ट वाढवायची टाकी, वीज, मजुरी, शुद्धीकरण यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. टाकीत सतत हवा सोडावी लागते, घुसळावं लागतं, थंड ठेवावं लागतं. वीज कोळशाची असेल तर पर्यावरणाचा फायदाही त्या प्रमाणात घटतो.

जमिनीचा हिशेबही मांडून पाहू. महाराष्ट्रात हेक्टरी ८० टन ऊस आणि १० ते ११ टक्के उतारा धरला तर आठ-नऊ टन साखर निघते. मळीत राहिलेली साखर त्यात मिळवली तरी पाचास एक या प्रमाणात तेल होतं दोन टनांच्या आसपास. तेलताड देतो साडेतीन. म्हणजे उसाच्या साखरेवर यीस्ट पोसलं तर जमीन कमी लागत नाही, जास्त लागते. पाण्याचं तर बोलायलाच नको. ऊस वर्षावनाच्या जागी लावावा लागत नाही हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण 'टाकीत तेल बनतं, म्हणून जमीन वाचते' हे वाक्य जसंच्या तसं स्वीकारता येत नाही. यीस्टला काय खाऊ घालणार, यावर सगळं अवलंबून आहे.

टिक्कू यांच्या कंपनीला ही किंमत ठाऊक असावी असं तिच्या पहिल्या पावलावरून दिसतं. तळणाच्या तेलाला तिने हात घातला नाही. ती सौंदर्यप्रसाधनांकडे गेली. तिथे क्रीमच्या छोट्या बाटलीत तेल जातं काही ग्रॅम आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं त्याच्या कितीतरी पट. तेलाचा भाव दुप्पट-चौपट झाला तरी बाटलीच्या किमतीला फारसा धक्का बसत नाही. २०२३ मध्ये तिने 'पामलेस' याच नावाने त्वचेचं तेलही विकून पाहिलं. दीर्घ मुदतीचं लक्ष्य अन्नाचं आहे, पण तिथे पोचायचं तर उत्पादन वाढवत, खर्च उतरवत जावं लागेल.

याच वाटेने गेलेल्या एका कंपनीची गोष्ट इथे सांगायला हवी. कॅलिफोर्नियातली सोलाझाइम २००३ मध्ये सुरू झाली. ती अंधाऱ्या टाक्यांत साखरेवर शेवाळ वाढवून तेल काढत असे. आधी इंधन, मग प्रसाधनं, मग अन्न असा तिचा प्रवास झाला. ब्राझीलमध्ये साखर कारखान्याला लागून तिने मोठा प्रकल्प उभारला. २०१४ मध्ये इकोव्हर या बेल्जियमच्या कंपनीने पामच्या जागी तिचं तेल धुलाईच्या साबणात वापरायचं ठरवलं, तर जनुकीय बदल केलेल्या शेवाळावर पर्यावरण संघटनांनीच आक्षेप घेतला. खनिज तेल स्वस्त झालं, इंधनाचं गणित कोसळलं. २०१६ मध्ये कंपनीने टेराव्हिया असं नाव घेतलं आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. तंत्र खोटं नव्हतं, तेल खरोखर निघत होतं. स्वस्त मालाशी स्पर्धा करताना भांडवल आधी संपलं.

म्हणून मला सर्वांत आशादायक वाटतात ते साखरेऐवजी टाकाऊ मालावर यीस्ट पोसणारे. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठातल्या ख्रिस चक यांच्या संशोधनावर उभी राहिलेली क्लीन फूड ग्रुप ही कंपनी मेट्श्निकोविया पुल्चेरिमा नावाचं यीस्ट वापरते आणि शिळ्या पावासारख्या कचऱ्याकडे कच्चा माल म्हणून पाहते. नेदरलँड्समधली नोपाम इन्ग्रेडियंट्स अन्नप्रक्रिया उद्योगातून उरणाऱ्या मालावर काम करते. इथे पाचास एक हे प्रमाण तितकं जाचत नाही, कारण ते पाच किलो कुणाच्या शेतातून मुद्दाम पिकवून आणलेले नसतात. पण वाट इथेही सोपी नाही. कचऱ्याचा दर्जा रोज बदलतो, तो गोळा करायला खर्च येतो, आणि सगळ्या जगाचा कचरा मिळूनही सगळं पामतेल बदलता येणार नाही. काही हिस्सा बदलता येईल. नव्या जंगलावर कुऱ्हाड पडू नये एवढा तो हिस्सा असला, तरी ते मोठंच काम होईल.

आता आपल्याकडे. आयात कमी करण्यासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये तेलताडाचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. तरतूद ११,०४० कोटी रुपयांची, २०२५-२६ पर्यंत लागवडीखालचं क्षेत्र १० लाख हेक्टरवर नेण्याचं उद्दिष्ट, आणि विशेष भर ईशान्य भारतावर आणि अंदमान-निकोबारवर. नकाशावर हे प्रदेश पाहिले की काळजी वाटते. आपली सर्वांत समृद्ध जंगलं तिथेच आहेत. आधीच लागवडीत असलेल्या, पाणी असलेल्या जमिनीवर तेलताड लावायला माझा विरोध नाही. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात शेतकरी तो लावतात, त्यांना पैसेही मिळतात. पण बोर्निओने केलेली चूक सरकारी अनुदानावर अरुणाचलात करणं मला मान्य नाही.

दुसरी वाट आपल्या अंगणात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यारोविया लिपोलिटिकाचा एक वाण तिथे ३५८९ या क्रमांकाने जपलेला आहे. तो मुंबईजवळच्या तेलाने माखलेल्या समुद्राच्या पाण्यातून मिळाला. पुणे विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्यातल्या मेदाचा जैवडिझेलसाठी अभ्यास करून २०१२ मध्ये तो प्रसिद्धही केला. मोठ्या टाक्यांत यीस्ट वाढवण्याचा अनुभव महाराष्ट्राइतका फार थोड्या प्रदेशांकडे असेल, इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या पिढ्यान् पिढ्या तेच करत आल्या आहेत. आणि उसाचं चिपाड आहे. चिपाडातला काही भाग फोडला की झायलोज ही साखर मिळते. पावाच्या यीस्टला ती पचत नाही, ऱ्होडोटोरुलाला पचते. चिपाड फोडताना फुरफुरालसारखी विषारी द्रव्यं तयार होतात, ती काढून टाकावी लागतात, शिवाय आज ते चिपाड जाळून कारखाने वीज करतात, तेव्हा त्याला पर्यायी किंमत आहेच. पण या अडचणी प्रयोगशाळेने आणि कारखान्याने मिळून सोडवायच्या जातीच्या आहेत.

मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाषाणची एनसीएल यांच्यात एका शहराचंच अंतर आहे. तेलताडाच्या अभियानातल्या ११,०४० कोटींपैकी एक टक्का म्हणजे ११० कोटी रुपये. तेवढे यीस्टच्या तेलासाठी वेगळे काढावेत, आणि एखाद्या सहकारी कारखान्याने आपल्या डिस्टिलरीशेजारी चिपाडावर चालणारी एक चाचणी टाकी उभारायला जागा द्यावी. ही मागणी केंद्राच्या कृषी मंत्रालयाकडे आहे आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांकडेही आहे. वाचकांपैकी जे ऊस उत्पादक सभासद असतील, त्यांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय जरूर मांडावा.